रेंज नव्हती

कोंडाजी सकाळी अंबरनाथला वारले. पण इथे बदलापूर गावात त्यांच्या धाकट्या भावाच्या, महिपतीच्या दारात मांडव होता, पुतणीला हळद लागायची होती आणि नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन येऊन बसली होती. त्यामुळे तसं काही झालेलं नव्हतं. महिपती पाहुण्यांना सरबत देत होता.

फोन आला होता खरा. कोंडाजींच्या सुनेचा, यशोधरेचा. "काका, बाबा..." एवढं ऐकून त्याने तो कापला होता. घरातल्या वडीलधाऱ्या गोजरआत्याने त्याचा चेहरा पाहून त्याला लगेच पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"सुतक ऐकल्यावर लागतं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तू काय ऐकलंस?"

"पुरतं नाय ऐकलं."

"का?"

"रेंज नव्हती."

"मग झालं तर. लग्न उद्या वेळेवर लागेल." आत्याने पदराने डोळे पुसले आणि मांडवाला ऐकू जाईल अशी बोलली, "कांदा काय झोंबतो बाई!" टाकीमागे कांदा नव्हता.

त्यानंतर तिने घरातल्या सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा केले. कारण विचारणाऱ्यांना तिने सांगितलं, की फोनमुळे हळदीचा रंग उतरतो. कोणी वाद घातला नाही.

अक्षदाला पाटावर बसवून पहिली हळद लावली, महिपतीनेही बोटं टेकवली, तेवढ्यात फुलवाल्याचा माणूस आला. पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात गुलाब आणि निशिगंधाचा गुच्छ. उल्हासनगरहून आला होता. नाव कैलास.

"अक्षदा कोण? आजच्या आज पोचवायची ऑर्डर आहे," तो म्हणाला आणि गुच्छावरची चिठ्ठी मोठ्याने वाचू लागला. नवऱ्याकडची माणसं आहेत म्हटल्यावर त्याला जरा स्फुरणच चढलं. "'हळदीला येता येत नाही. उद्या नक्की येतो. मोठे काका.'"

"अय्या, मोठ्या काकांनी ऑनलाइन मागवली!" अक्षदा हसली. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

महिपतीच्या हातातला ट्रे किंचित कलला. सरबत सांडलं नाही.

"कोड लागेल," कैलास म्हणाला. "ज्याने पाठवलीत त्याच्या मोबाइलवर गेलाय. थांबा, विचारतो." हातात गुच्छ असल्यामुळे त्याने फोन स्पीकरवर टाकला. हे थांबवायला महिपती तीन पावलं पुढे आला, पण मध्ये नवऱ्याची मावशी खुर्ची टाकून बसली होती. डीजेवाल्यालाही नेमकं तेव्हाच गाणं बदलायचं सुचलं.

"हॅलो, कोंडाजींकडून कोड पाहिजे होता."

पलीकडून यशोधरेचा आवाज मांडवभर झाला.

"ते गेले."

बायकांचे हळदीचे हात हवेतच राहिले.

"कुठं गेले रे?" गोजरआत्या म्हणाली. "वाण्याकडं?"

कैलासने आत्याकडे पाहिलं. मग महिपतीकडे. महिपतीने तोंडावर हात धरला होता आणि बोटांची हळद मिशीला लागली होती.

"हां... आवाज तुटतोय," कैलासने फोन बंद केला. "बाहेर गेलेत म्हणे. कोड नंतर घेतो."

"मग येतील की," नवऱ्याची मावशी म्हणाली. "बाहेर गेलेलं माणूस कधीतरी येतंच."

"येतील," महिपती म्हणाला.

डीजे पुन्हा सुरू झाला. अक्षदाने गुच्छ मांडीवर घेतला, फोटो काढून झाले. मग महिपतीने तो अलगद उचलला, "हळद लागेल फुलांना" म्हणाला, आणि कैलासला खांद्याला धरून टाकीमागे नेलं.

"तू जाताना अंबरनाथ लागतं ना?"

"वाटेतच आहे."

"मग ही फुलं दादाकडे दे. तिन्हीसांजेच्या आत नेतील त्याला."

कैलासने मान खाली घातली. "काका, परत नेता येत नाही. सिस्टीम घेत नाही. नवीन ऑर्डर टाकावी लागेल, तुमच्याकडून त्यांना."

"टाक."

"तुम्हीच चला ना माझ्यामागे बसून. अर्ध्या तासात सोडतो परत."

महिपतीने मांडवाकडे पाहिलं. कोणीतरी अक्षदाच्या नाकाला हळद लावली होती आणि ती ओरडत होती.

"मी काय ऐकलेलंच नाय," तो म्हणाला. "जाऊ कशाला?"

त्याचे हात पिवळे होते, म्हणून टाईप कैलासच करत होता. घेणाऱ्याचं नाव टाकलं, पत्ता टाकला.

"प्रसंग विचारतोय. वाढदिवस, लग्न, बारसं, श्रद्धांजली..." कैलास अडखळला. "कोणता टाकू?"

"अजून काय आहे?"

"सगळ्यात खाली एक आहे. 'सहजच'."

"तो टाक."

"काही खास सूचना?"

महिपतीने मनगटाने मिशी पुसली. मग ग्रामपंचायतीला अर्ज सांगावा तशा आवाजात सांगू लागला. कैलासने मध्येच अंगठा थांबवला.

"काका, असं लिहिलं तर मला फुलं देता येणार नाहीत."

"लिही तू."

कैलासने लिहिलं: 'सदर फुले कोंडाजी यांनी स्वतः दाराशी येऊन, आपल्या हाताने स्वीकारावीत. ती घरातील अन्य कोणाकडेही देण्यात येऊ नयेत, ही नम्र विनंती.'