छटाकसाहेबांच्या कात्रीतून वाचलेली पट्टी

मी एक जुनी, रिकामी, गोळ्यांची पट्टी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या घरातही माझ्या जातीच्या पुष्कळ असतील, फ्रिजवर, उशाखाली, नाहीतर एखाद्या जुन्या पर्सच्या तळाशी. गोळ्या संपल्या की तुम्ही आम्हाला चुरगाळून फेकता. खुशाल फेका. त्याचं मला दुःख नाही. पण भरलेल्या पट्टीवर कात्री चालवणाऱ्या माणसांची मला कीव येते. कीव हा शब्दसुद्धा मी लहान मुलं ऐकत आहेत म्हणून वापरला.

माझा जन्म एका औषधाच्या कारखान्यात झाला. खाली चकचकीत पत्रा, वर चकचकीत पत्रा, मध्ये दहा पांढऱ्या गोळ्या. यंत्राने दाबलं आणि मी झाले. माझ्या एका टोकाला दोन नावं छापली गेली. एक मोठ्या, जाड अक्षरांत. ते कंपनीने हौसेने ठेवलेलं नाव. त्याच्याखाली दुसरं, मुंगीच्या पायाएवढ्या बारीक अक्षरांत. ते औषधाचं खरं नाव. मोठं नाव आपल्या देशाची वेस ओलांडली की कुणी ओळखत नाही. बारीक नाव जवळजवळ सगळ्या जगात चालतं. आमची कंपनी शाईच्या बाबतीत हात आखडता घेणारी होती, म्हणून ही दोन्ही नावं एकाच टोकाला. बाकी अंगभर नुसती चकाकी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारखान्यातून मी एका औषधाच्या दुकानात आले. तिथला दुकानदार स्वतःच्या पायापुरतं बघणारा होता. कुणी चारच गोळ्या मागितल्या तर तो नाव नसलेल्या बाजूने कापायचा. नावाचं टोक त्याच्या खणात राहायचं आणि गिऱ्हाईक बिननावाचा तुकडा खिशात घालून आनंदाने घरी जायचं. घरी गेल्यावर ही गोळी तापाची की पोटाची यावर नवरा-बायकोत वाद. पण मागे येऊन "नाव कुठे आहे?" असं विचारणारं एकही गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

माझ्या नशिबी कात्री नव्हती. एक बाई दर महिन्याला येऊन अख्ख्या पट्ट्या घेऊन जायच्या. त्या शाळेत शिवण शिकवत. त्यांना लहानपणापासून फिट येत असे. आमच्या गोळीने ती थांबली, आणि मी त्या घरात गेले तेव्हा अकरा वर्षं एकदाही आली नव्हती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, सकाळी एक, रात्री एक, आणि काहीही झालं तरी एकदम बंद करायची नाही. बाई ते पाळत. शिवणाच्या टाक्यासारखं, एकही न चुकवता.

आता त्यांच्या यजमानांची ओळख करून देते. हे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बत्तीस वर्षं दुकानांत शिरून तराजू तपासले, खोटी वजनं पकडली आणि भल्याभल्यांना घाम फोडला. मागे सगळे त्यांना छटाकसाहेब म्हणत. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, म्हणून साहेब घर तपासू लागले. साबणाची वडी, भाजीची पिशवी, शेजाऱ्यांनी पाठवलेली वाटी, सगळं तळहातावर घेऊन जोखून पाहायचे. आणि अंदाज खरा निघाला की छाती फुगायची. जगात जे तोलता येतं तेवढंच खरं, अशी त्यांची समजूत होती. अशा समजुतीचा माणूस मोठा पंडित वाटतो, पेच पडेपर्यंत.

बाईंच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. त्यावर डोंगरांच्या मधोमध एक निळं तळं होतं, दूर परदेशात. "एकदा तरी हे बघायचं," असं त्या कणीक मळताना म्हणायच्या. शेवटी साहेबांनी आठ दिवसांची तिकिटं काढली, आणि मग ताणकाटा काढला. बॅगेचं प्रत्येक सामान काट्याला लटकू लागलं. गोळ्यांची पाळी आली तेव्हा साहेबांच्या हातात कात्री होती.

"अहो, पट्ट्या कशाला कापताय?" बाईंनी विचारलं.

"कडांचं वजन फुकट कशाला न्यायचं? आणि हे टोक बघ. यात गोळी आहे? नाही ना? मग?"

"नाव आहे त्यावर."

"नाव माझ्या डोक्यात आहे."

डोक्यात होतं, पण कोणतं? मोठं! बारीक अक्षरांकडे साहेबांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझ्या दोन सख्ख्या बहिणींची डोकी त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि धडं एका छोट्या डबीत भरली. आठ दिवसांच्या बरोबर सोळा गोळ्या, उरलेल्या चार घरीच.

"दोन-चार जास्त घ्या हो."

"जास्त कशाला? तिकीट आठच दिवसांचं आहे."

"मग डॉक्टरांची चिठ्ठी तरी?"

"आपण फिरायला चाललोय की दवाखान्यात?"

चिठ्ठी कपाटातच राहिली.

मी मात्र वाचले. माझ्या गोळ्या निघायच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या होत्या. बाईंनी पळीच्या पाठीने मला घासून सपाट केलं आणि आपल्या जाडजूड कादंबरीत खूण म्हणून ठेवलं. साहेबांनी कादंबरीही काट्याला लावली.

"चारशे वीस ग्रॅम! हे ठेव घरी."

"मग तुमचा दाढीचा डबा पण ठेवा."

"दाढीचा डबा कसा ठेवणार?"

"मग पुस्तक कसं ठेवणार?"

अशा रीतीने मी परदेशी गेले.

तळं खरोखर निळं होतं. बाई रोज त्याच्या काठावर बाकावर बसून वाचत, दोन पानं वाचून मान वर करीत आणि पुन्हा बघत बसत. साहेब शेजारी बसून तिथल्या फळवाल्याच्या काट्याकडे संशयाने बघत. आठवा दिवस संपला, सोळावी गोळी पोटात गेली, आणि त्याच संध्याकाळी विमानवाल्यांनी संप पुकारला. पुढचं विमान तीन दिवसांनी.

सकाळी साहेबांनी घरच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना बंद. औषधाच्या दुकानात लावला. घंटा वाजत राहिली. तेव्हाचे फोन नुसते बोलायचे, काही शोधून द्यायचे नाहीत. बाईंची सकाळची गोळी चुकली होती. चहा अर्धाच ठेवून त्या पलंगाला टेकून बसल्या. साहेबांनी ते पाहिलं.

"तू पड जरा. मी आत्ता घेऊन येतो. औषधच तर आणायचंय," ते म्हणाले आणि पासपोर्ट होते ती खांद्याची पिशवी उचलून निघाले. त्याच पिशवीत बाईंची कादंबरी होती. कादंबरीत मी होते.

कोपऱ्यावरच औषधाचं स्वच्छ दुकान होतं. पांढरा कोट घातलेल्या एक बाई तिथे होत्या. साहेबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोठं नाव सांगितलं. त्यांनी यादीत पाहिलं आणि मान हलवली. असं औषध इथे नाही. साहेबांनी डबीतला बिनडोक्याचा रिकामा तुकडा काचेवर ठेवला आणि गोळी कशी दिसते ते सांगितलं.

"पांढरी, गोल, मध्ये रेघ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडच्या निम्म्या गोळ्या अशाच आहेत. औषधाचं मूळ नाव काय? पट्टीवर बारीक अक्षरात असतं ते."

"ते कापलं."

"का?"

ज्याच्याकडे उत्तर नसतं तो आवाज चढवतो.

"आमच्याकडे नुसतं नाव सांगितलं की गोळी हातात पडते!"

"इथे नाही. नाव घेऊन या. मग मी तुम्हाला डॉक्टरकडे पाठवते, ते चिठ्ठी देतील."

मित्रांनो, मी त्या माणसाच्या खांद्यावर होते. त्याच्या कोपराखाली, एका वीतभर अंतरावर, दोन्ही नावं अंगावर घेऊन. आणि तो जगभर नाव शोधत होता. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते. पण आम्हाला तोंड नसतं, आणि साहेबांना तेव्हा कान नव्हते.

खोलीवर परतून बायकोला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते बाजाराच्या गल्लीत शिरले. तिथे प्रवाशांसाठी एक दुकान होतं. टोप्या, छत्र्या, किल्ल्यांना लावायचे बिल्ले आणि मागच्या फळीवर औषधं. दुकानदाराने तुकडा उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि हसून म्हणाला, "सेम, सेम!" चिठ्ठी नको, नाव नको, आजार कोणता हेही विचारणं नको. एका कागदात बारा गोळ्या बांधून मोकळा. अशा माणसाकडून साहेबांनी बिल्लासुद्धा घेतला नसता. ज्याने बत्तीस वर्षं लबाड दुकानदार पकडले, त्याने त्या दिवशी एका लबाडाचे आभार मानले. कारण त्या लबाडाने त्यांना अडाणी ठरवलं नाही.

"मिळाल्या!" खोलीत शिरताच साहेब म्हणाले. "घे, पाणी देतो."

बाईंनी कागद उघडला. डबीतला रिकामा तुकडा त्यांनी बोटांनी चाचपला. "ही जरा पातळ वाटते हो. रेघ पण वेगळी आहे."

साहेबांनी गोळी तळहातावर घेतली. डोळे मिटले. जोखली. "वजन तेच आहे," ते म्हणाले.

याहून मोठा मूर्खपणा मी माझ्या आयुष्यात ऐकलेला नाही, आणि मी औषधाच्या दुकानात दोन महिने काढले आहेत.

बाईंनी ग्लास बाजूला ठेवला. "दुकानदार काय म्हणाला? अगदी सुरुवातीपासून सांगा."

"पहिल्या दुकानात एक बाई होत्या. त्यांना म्हणे बारीक अक्षरातलं नाव हवं होतं. आता ते कुठून..."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तू पडली होतीस."

"पडले होते, मेले नव्हते. पिशवी द्या इकडे."

त्यांनी कादंबरी काढली, मला बाहेर ओढलं आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर धरलं. साहेबांनी चष्मा लावला. काढला. पुसला. पुन्हा लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी बारीक अक्षरं वाचली. मग ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "ही माझ्याच खांद्यावर होती."

"हो. चारशे वीस ग्रॅमची," बाई म्हणाल्या.

दोघं मिळून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. साहेबांनी बाईंचा दंड धरला होता. पांढऱ्या कोटाच्या बाईंनी मला हातात घेतलं, खालची ओळ वाचली आणि लगेच फोन उचलला. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली. तीन दिवसांच्या सहा गोळ्या. कंपनी निराळी, रंग निराळा, मोठं नाव निराळं, पण खालची ओळ अक्षरशः माझी. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या एक गोळी घेतली.

साहेबांनी मग कागदातल्या बारा गोळ्या काचेवर ठेवल्या. पांढऱ्या कोटाच्या बाईंनी एक उलटून त्यावरचा शिक्का पाहिला, एक जाड पुस्तक चाळलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"ही साखर कमी करणारी आहे. तुमच्या बायकोला साखरेचा आजार आहे?"

"नाही."

"मग ही घेतली असती तर त्या खाली पडल्या असत्या. आणि तुम्ही समजला असता, फिट आली."

बाहेर आल्यावर साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी हवं का गं?"

पुढे कितीतरी वर्षं साहेब ही गोष्ट लोकांना सांगत. त्यांच्या गोष्टीत परदेशी दुकानदारीण आडमुठी होती आणि औषध त्यांनी स्वतः हिकमतीने मिळवलं होतं. माझं नाव त्यात नसायचं, खांद्यावरच्या पिशवीचं तर नाहीच. बाई शेजारी बसून ऐकत, मान खाली घालून हसत आणि मला नव्या पुस्तकात ठेवत. एकदाही त्यांनी त्यांना खोटं पाडलं नाही. मी पाडलं असतं. म्हणून तर मी पट्टी आहे आणि त्या बाई होत्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. फिटने नाही, आमची गोळी शेवटपर्यंत चुकली नाही. त्यांचं हृदय थकलं होतं. मी आता त्यांच्या शेवटच्या पुस्तकात आहे, पान एकशे बारा. पुढची पानं कुणी वाचलेली नाहीत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या सूनबाई साहेबांकडे ताणकाटा मागायला आल्या. परदेशी चालल्या होत्या, सासूच्या औषधांसह. "काका, पट्ट्या कापून डबीत भरल्या तर जागा वाचेल ना?"

साहेब उठले. कपाटातून पुस्तक आणलं आणि मला बाहेर काढलं. मग त्यांनी गोष्ट सांगितली. या वेळी खरी. काचेवरचा तुकडा, "सेम सेम", तळहातावर जोखलेली गोळी, सगळं. खांद्यावरची पिशवीसुद्धा.

"म्हणजे काकू नसत्या तर?" सूनबाईंनी विचारलं.

"ती नसती तर तिला मी मारलं असतं," साहेब म्हणाले. वाक्य धड जुळत नव्हतं, पण कुणी ते सुधारलं नाही.

तर मित्रांनो, परगावी जाताना आम्हाला अखंड न्या. डॉक्टरांची चिठ्ठी न्या. दोन-चार गोळ्या जास्त न्या, आणि त्या मोठ्या बॅगेत नाही, हाताशी ठेवा. खालची बारीक ओळ वाचा. जो दुकानदार काहीच विचारत नाही, त्याच्याकडून टोपी घ्या, औषध घेऊ नका. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली तर घरातल्या माणसाला विचारा. ते माणूस पलंगावर पडलेलं असलं तरी विचारा, कारण तेही कायम तिथे असणार नाही.

सूनबाई गेल्या. साहेबांनी ताणकाटा त्यांनाच देऊन टाकला. मग जुन्या सवयीने त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. रिकाम्या पट्टीला वजन ते काय असणार? तरी त्यांचा हात हळूहळू खाली गेला आणि गुडघ्यावर टेकला.