साडेअकराचा नकार

मी रक्तपेढीतला सर्व्हर बोलतोय. तसा मी जोडणीच्या दिवशीही बोलतच होतो. ते कुणाला ऐकू जात नव्हतं, एवढंच. आणि त्यावरून मी बंद पडलोय असा निष्कर्ष शिकल्यासवरल्या माणसांनी काढला होता.

दिसायला मी साधा काळा खोका आहे. माझ्या पोटात डेटाबेस आहे, म्हणजे माहितीची नीट लावलेली कपाटं. दुसऱ्या खोलीतला संगणक तारेवरून मला काही विचारतो, मी योग्य ते कपाट उघडतो आणि उत्तर देतो. विचारलं तर सांगायचं, एवढंच माझं काम. न विचारता सांगायची सोय माझ्यात नाही, आणि माझा सगळा मनस्ताप त्यातूनच आला.

माझी पहिली सहा वर्षं एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात गेली. लोकांच्या घरांचे नकाशे मी सांभाळायचो. एकाच घराची खिडकी नवऱ्याला पूर्वेला हवी असायची आणि बायकोला पश्चिमेला. मी दोन्ही नकाशे सारख्याच मायेने जपले. मग तिथे मोठं मशीन आलं आणि मालकांनी मला रक्तपेढीला भेट म्हणून दिलं. "चांगला आहे, फक्त आवाज करतो," असं ते म्हणाले. सहा वर्षांच्या इमानी नोकरीचं हे माझं प्रमाणपत्र.

रक्तपेढीत मला कपडे इस्त्री करायच्या जुन्या खोलीत जागा मिळाली. भिंतीवर तापल्या इस्त्रीचा एक पिवळा डाग होता. माझ्यासमोर एक खुर्ची मांडली आणि तिच्यावर नोंदणीकाकू येऊन बसल्या.

काकू सव्वीस वर्षं रक्तदात्यांच्या वह्या लिहीत होत्या. कोण कधी आला, त्याचा गट कोणता, सुई टोचताना त्याला घेरी येते का, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात होतं. चार महिने रोज दुपारी बसून त्यांनी अकरा हजार नावं माझ्यात घातली. एका बोटाने टंकायच्या, पण चूक शोधून सापडायची नाही. मध्येच एखाद्या नावापाशी थांबून म्हणायच्या, "हा भला माणूस हो." भलेपणाचा रकाना माझ्यात नव्हता, त्यामुळे ते नोंदायचं राहिलं.

नावं भरून झाल्यावर वह्या खोक्यांत भरून गावाबाहेरच्या गोदामात गेल्या. सगळ्यांना फार हलकं वाटलं. आता माझ्यावर नवा डेटाबेस बसवायचा आणि बाहेर नोंदणीच्या खिडकीवरचा काकूंचा संगणक मला जोडायचा, एवढंच उरलं होतं. त्यासाठी एक गृहस्थ आले. रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी "हे तज्ज्ञ" अशी त्यांची ओळख करून दिली, आणि दिवसभर तेच त्यांचं नाव झालं.

तज्ज्ञ नऊच्या ठोक्याला आले. हुशार माणूस, हात चपळ. तासाभरात जुनं सगळं काढून त्यांनी नवा डेटाबेस बसवला आणि अकरा हजार नावं त्यात ओतली. एकही सांडलं नाही. मग त्यांनी माझ्या खोलीतून फोन लावला.

"काकू, आता खिडकीवरून एखादं नाव शोधा."

फोनच्या स्पीकरमधून काकूंचा आवाज आला. "काहीतरी आलंय. 'सर्व्हरकडून उत्तर नाही' असं लिहिलंय."

इथे एक कबुली देतो. नव्या डेटाबेसला उपजतच शिकवलेलं असतं की परक्याशी बोलायचं नाही. त्यामुळे मी फक्त स्वतःशीच बोलत होतो. त्यात माझ्या दाराशी फायरवॉल नावाचा पहारेकरी बसलेला. बाहेरून आलेली हाक तो आतच येऊ देत नव्हता, आणि हाक मारणाऱ्याला 'नाही' असंही सांगत नव्हता. ढिम्म बसायचा.

तज्ज्ञांनी तार काढून पुन्हा खोचली. मला बंद करून चालू केलं. दुसरी तार लावली. मला पुन्हा बंद करून चालू केलं. आजारपणात माणसांनाही असंच करतात का, मला माहीत नाही.

अकरा वाजता डॉक्टरबाई घाईने आत आल्या. प्रसूतिगृहातून निरोप होता. एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव होत होता. गट दुर्मीळ. पेढीतल्या दोन पिशव्या पाठवून झाल्या होत्या, आणखी लागणार होत्या. त्या गटाचा दाता शोधून बोलावणं भाग होतं.

"यादी कधी दिसेल?" त्यांनी विचारलं.

"पाच मिनिटांत," तज्ज्ञ म्हणाले. या पेशात वेळ मोजायचं ते सर्वांत लहान माप आहे.

त्या बाईचा नवरा माझ्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. गवंडीकाम करणारा, कामावरून तसाच आलेला, बोटांवर सिमेंट वाळलेलं. माझ्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "मशीन चालू तर दिसतंय. दिवा लुकलुकतोय."

"दिवा लागला म्हणजे चालू, असं नसतं," तज्ज्ञ म्हणाले. गवंड्याचं बरोबर होतं, पण त्याला कोण सांगणार?

साडेअकराला तज्ज्ञांनी पहारेकऱ्याला माझ्या दाराची एक झडप उघडायला लावली. अगदी योग्य केलं. फोनवर काकू म्हणाल्या, "आता वेगळंच आलंय..."

"एरर आलाय ना?"

"हो, पण मघाचा नाही..."

"एरर तो एरर, काकू," असं म्हणून त्यांनी झडप होती तशी बंद केली. हा उपाय चुकला, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मला परक्याशी बोलायची मुभा दिली. हेही अगदी योग्य. पण झडप आता बंद होती, म्हणून काकूंना पुन्हा तेच दिसलं: उत्तर नाही. तज्ज्ञांनी मुभाही काढून घेतली. दोन बरोबर उत्तरं एकेक करून खोडली, आणि सव्वाबाराला ते म्हणाले, "तुमचा सर्व्हरच बाद आहे."

त्या वेळी मी अकरा हजार नावं घेऊन त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो.

गोदामाच्या किल्लीसाठी डॉक्टरबाईंनी फोन केला. किल्लीवाले रजेवर होते. तेवढ्यात काकू खिडकी सोडून आत आल्या. त्यांच्या हातात एक वही होती. सव्वीस वर्षांची सवय काही गोदामात गेली नव्हती.

"साहेब, चार महिने मी याच्यासमोर बसून नावं घातली. ती याच्या पोटात आहेत की नाहीत?"

"आहेत. पण खिडकीवरून दिसत नाहीयेत."

"मग खिडकी राहू दे. तुम्ही आत्ता याच्यासमोर बसलाय. यालाच विचारा की."

तज्ज्ञांचे हात थांबले. त्यांना सकाळी जोडणीचं काम सांगितलं होतं, आणि ते जोडणीच करत होते. त्यांनी एक ओळ टंकली. मी पापणी लवायच्या आत तीन नावं दिली. मला विचारलेला त्या दिवसातला तो पहिला सरळ प्रश्न होता.

पहिल्याचा फोन लागला नाही. दुसरी बाई नुकतीच तापातून उठली होती. तिसरा पाव भाजणारा होता. काकू फोनवर म्हणाल्या, "भाऊ, एका बाळंतिणीला हवंय, येता का?" तो काही न विचारता "निघालो" म्हणाला. पाऊण तासात आला, तेव्हा त्याच्या बाहीवर पीठ होतं. गवंडी त्याला बघून उभा राहिला.

दाता आत गेल्यावर काकूंनी वही उघडली. "दहा चाळीस, उत्तर नाही. साडेअकरा, जोडणी नाकारली. बारा, पुन्हा उत्तर नाही. साहेब, साडेअकराला याने नकार दिला होता. नकार द्यायला कुणीतरी घरी असावं लागतं ना? तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

तज्ज्ञांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी झडप उघडली, ती उघडीच ठेवली, आणि मला बोलायची मुभाही दिली. काकू खिडकीवर गेल्या. "आता म्हणतंय, 'या वापरकर्त्याला परवानगी नाही.'"

"छान," तज्ज्ञ म्हणाले. नकार ऐकून आनंदलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी काकूंच्या संगणकाचं नाव माझ्या परवानगीच्या यादीत घातलं, आणि दुपारी अडीचला काकूंचा पहिला प्रश्न तारेवरून माझ्यापर्यंत आला. त्यांनी पाववाल्याचंच नाव विचारलं होतं.

ती बाळंतीण वाचली. अहवालात मात्र असं लिहिलं गेलं की सर्व्हरमध्ये बिघाड होता आणि तो दुरुस्त केला. जाताना तज्ज्ञांनी काकूंच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून घेतला, एवढं मी पाहिलंय.

त्याला आता पाच वर्षं झाली. काकू निवृत्त झाल्या. माझ्यात आता एकोणीस हजार नावं आहेत, आणि माझा पंखा आता खरोखरच फार आवाज करतो. माझी नावं दूरच्या एका मोठ्या मशीनवर हलवली आहेत, असं ऐकतो. सोमवारी मला पुसणार आहेत.

माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. पुसण्याआधी कुणीतरी बाहेरच्या खिडकीवर बसा आणि त्या नव्या मशीनला एखादं नाव विचारा. नाव आलं, तर मला खुशाल पुसा. न आलं, तर समोर जी ओळ येईल ती बंद करण्याआधी एकदा पूर्ण वाचा. तोवर मी चालूच आहे.