दुधाची राखण करणारा बझर

मित्रांनो, मी एक छोटासा बझर आहे. आगपेटीत मावेन एवढा. गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर संपदाताईंनी मला घडवलं. एका पट्टीवर टायमरची चिप, शेजारी बटण, बॅटरी आणि धारित्र. बटण दाबलं की धारित्रात वीज साठू लागते, पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून थेंब थेंब पाणी पडावं तशी. पुरेशी साठली की चिप मला जागं करते आणि मी ओरडतो.

मला घडवलं ते त्यांच्या सासूबाईंसाठी, कुसुमताईंसाठी. सकाळी गॅसवर दूध ठेवून जपाला बसायचं आणि तापलेल्या दुधाचा देवाला नैवेद्य दाखवायचा, हा त्यांचा नेम. पण हल्ली जपात दुधाचं भान राहीना. पातेली करपू लागली. मुलगा विश्वेश म्हणाला, "आई, आता गॅसला हात लावायचा नाही. नैवेद्य पोळीवाल्या मावशी करतील."

"नेम माझा आणि नैवेद्य मावशींचा? मग पुण्यही त्यांनाच दे," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

म्हणून मी आलो. दूध ठेवताना त्या माझं बटण दाबत; मी ओरडलो की माळ ठेवून उठत आणि गॅस बंद करत. "गुणाचं गं बाई हे," म्हणत मला पदराने पुसत.

एकादशीला त्यांनी मला ओट्यावरून देवघरात न्यायचं ठरवलं. बाहेरची वस्तू देवापाशी तशीच कशी ठेवायची? रामकुंडावरून आणलेलं तीर्थ त्यांनी माझ्यावर शिंपडलं, अगदी भक्तिभावाने, चांगलं ओंजळभर. मग बटण दाबून जपाला बसल्या.

मित्रांनो, माझा आवाजच फुटेना! दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच सुटत राहिला. शेवटी शेजारच्या मनीषाताईंनी दार बडवलं. "काकू, गॅसचा वास येतोय!"

संध्याकाळी विश्वेश म्हणाला, "बस झालं. उद्यापासून मावशी." संपदाताईंनी मला उलटं केलं, तर पाणी ठिबकलं.

"आई, याला पाणी घातलंत?"

"घातलं नाही गं, शिंपडलं. देवापाशी पारोसं कसं ठेवू?"

संपदाताई हसल्या नाहीत. "चूक माझी. तुमच्या घरात यायचं तर याला अंगरखा हवाच होता." त्यांनी मला वाळवलं, आवाज करून पाहिला आणि घट्ट झाकणाच्या डबीत बसवलं. "आता झाकणावर हवं तेवढं शिंपडा." मग विश्वेशला म्हणाल्या, "उद्या एकदा स्वतः बघ, मग मावशींचं ठरव."

दुसऱ्या सकाळी विश्वेश ऑफिसला लगेच न निघता स्वयंपाकघराच्या दाराशी बसला. मी ओरडलो. तो लगबगीने उठला. कुसुमताईंनी नुसत्या हाताने त्याला बस म्हटलं, माळ ठेवली आणि स्वतः जाऊन गॅस बंद केला. नैवेद्य झाला. विश्वेशने प्रसादाचं दूध दोन्ही हातांनी घेतलं, पिऊन बॅग उचलली. "येतो आई," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, आम्हाला पाण्यापासून जपा, बॅटरी वेळच्या वेळी बदला. आणि घरातल्या थकत्या माणसाचं काम काढून घेण्याआधी, त्याच्याशेजारी आमच्यासारखा एखादा सोबती बसवून पाहा.