गळ्याची पट्टी

गाणं शिकायला गळा लागतो, बाकी काही लागत नाही, असं माझं मत. पण आमच्या दुकानात माझ्या मताला कुत्रं विचारत नाही. दुकान कपडे शिवायचं. ताई शिवते, तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, कापतात, आणि काज-बटणं, हुक, दुमड घालणं आणि सगळ्यांवर चिडणं माझ्याकडे.

ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, आवाज वापरत राहा, हळूहळू येईल. घरी आल्यावर तिनं उत्साहानं दुकानातला फोन उचलला, तर पलीकडून एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, जरा ताईंना द्या ना. तिनं फोन दाजींच्या हातात ठेवला आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. सांगायचं ते कापायच्या टेबलावर खडूनं लिहायची. जिच्या तोंडी लागायला अख्खी गल्ली घाबरायची, ती अशी मान खाली घालून खडू घासताना मला बघवायची नाही. मला राग यायचा. रडत बसण्यापेक्षा राग बरा, निदान कामं उरकतात.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गळ्याला आता व्यायाम मिळाला नाही, तर आवाज असाच राहील. गाणं शिका, त्यानं गळ्यात जोर येतो. मागच्या रस्त्यावर गाण्याच्या बाई राहतात, त्यांना दाजींनी दुकानातूनच फोन लावला. पण हातात कात्री, समोर अर्धा कापलेला कोट, आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. कापड अर्धवट सोडून दाजी स्वतःच्या लग्नालाही उठले नसते. ऐकलं ते असं: बसायला उशी, प्यायला कोमट पाणी, तोंड नीट उघडतं का बघायला आरसा, सूर धरायला तंबोऱ्याचं यंत्र.

"आणि पट्टी," दाजी म्हणाले. "ज्याची त्याची वेगळी असते म्हणे. काळी नाहीतर पांढरी."

कसली पट्टी, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काज उलट्या बाजूला पाडलंय. गळ्याची, म्हणाले, गाणाऱ्यांना गळा जपावा लागतो. आता बटणपट्टी, काजपट्टी, कमरेची पट्टी यांत जन्म गेलेल्या आम्हा तिघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ताईनंही मान डोलावली.

मग दाजी कामाला लागले. उशी शिवली. ताईनं खडूनं लिहिलं, कडक आहे. दाजींनी उसवली, कापूस पिंजून पुन्हा भरला. तंबोऱ्याचं यंत्र शेजारच्या लाँड्रीवाल्याकडे होतं, त्याच्या मुलीनं गाणं सोडल्यापासून कपाटावर पडलेलं. ते आणलं. ताईनं लिहिलं, खरखरतं. दाजींनी ते दुरुस्त करून आणलं. आरसा आणला, तर तो लहान. रडगाणं गायचं, तेही लिहून. ताईसाहेबांना सामान नको होतं, शिकवणीचा दिवस पुढे ढकलायला निमित्त हवं होतं, हे मला दिसत होतं, म्हणजे दाजींनाही दिसतच असणार. पण हा माणूस एका शब्दानं बोलला नाही. ती नाही म्हणायची आणि हे पुन्हा करायचे. मी असते तर उशी फेकून मारली असती.

पट्ट्यांचं तर विचारू नका. एरवी नजरेनं माप घेणाऱ्या माणसानं बायकोच्या गळ्याभोवती टेप किती वेळा धरली. आत मऊ फ्लॅनेल लावलं. ऑपरेशनच्या व्रणाला शिवण टोचू नये म्हणून ती बाहेरच्या अंगाला घेतली. हाताशी मशीन असून सगळे टाके हातानं घातले. काळी की पांढरी हे फोनवर नीट कळलं नव्हतं, म्हणून दोन्ही केल्या. अशी शिवण मी त्या दुकानात दुसरी पाहिलेली नाही. दोन्ही टेबलावर ठेवल्या, तेव्हा ताई खडू धरून बराच वेळ उभी राहिली. लिहायला काही सापडेना. मग ती चपला घालायला गेली.

बाईंच्या खोलीत एक सतरंजी, एक पेटी आणि खिडकी, बस. आम्ही तिथे दुकानच मांडलं. ताईच्या गळ्यात पांढरी पट्टी, काळी दाजींच्या हातात. बाईंनी काळजीनं विचारलं, गळा दुखतोय का.

"तुम्हीच सांगितलं होतंत," दाजी म्हणाले. "काळी की पांढरी ते ठरेना, म्हणून दोन्ही आणल्यात."

बाईंनी पेटीवर बोट ठेवलं, एकदा काळ्या सुरावर, एकदा पांढऱ्या. "मास्तर, पट्टी म्हणजे ही. ज्या सुरावरून ज्याचा आवाज मोकळा निघतो, ती त्याची पट्टी. ती शिवावी लागत नाही."

दाजींचा चेहरा गिऱ्हाइकासमोर उलटी बाही जोडलेली सापडावी तसा झाला. आणि ताई हसली. पार पोटातून हसली. जाडाभरडा, घोगरा आवाज बाहेर पडला आणि दचकून तिचा हात तोंडाकडे गेला. पण बाईंचं बोट त्याआधीच पेटीवर फिरलं होतं.

"थांबू नका. काळी एक. सापडली तुमची पट्टी."

ताईनं इकडेतिकडे पाहिलं. ना टेबल, ना खडू. बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"हा पुरुषाचा आवाज आहे," ती म्हणाली.

"तुमच्यातून निघाला, म्हणजे तुमचा. म्हणा, सा."

ताईनं गळ्यातली पट्टी सोडली, घडी करून बाजूला ठेवली आणि व्रण उघडा टाकून सा लावला. तो मध्येच फाटला. नुसती हवा गेली. तिनं पुन्हा धरला, पुन्हा सुटला, पुन्हा धरला. मला तिचा इतका अभिमान वाटला की चिडायला काही सुचेना. ज्या आवाजाची तिला लाज वाटत होती, तोच आवाज ती परक्या खोलीत, परक्या बाईसमोर, डोळे मिटून लावत होती.

तिनं डोळे उघडले तर दाजी दाराशी बसून डोळे पुसत होते.

"अहो," ताई घाबरून म्हणाली, "इतका वाईट लागला का?"

दाजींनी मान हलवली. "परत म्हण."

ताईनं पाठ ताठ केली, श्वास घेतला आणि पुन्हा सा लावला.

"तो नाही," दाजी म्हणाले. "त्याच्या आधीचं. अहो म्हण."

बाईंनी पेटीचा भाता थांबवला. ताई दाजींकडे वळली आणि त्याच घोगऱ्या आवाजात तिनं म्हटलं.