डब्यानं केलेली चहाडी

प्रतिमाच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम शेजारच्या केसरकाकू करायच्या. हसू नका, खरंच! डोणगावात दोघींच्या घरांमध्ये नुसतं तारेचं कुंपण. इकडे प्रतिमा वरण लावून वह्या तपासायला बसायची आणि चौथी शिट्टी झाली की तिकडून हाक यायची, "प्रतिमा, झाल्या वं चार! बंद कर गॅस!" गल्लीला वाटायचं, म्हातारीला काय एकेक हौस! पण खरं कारण त्या दोघींनाच ठाऊक होतं. दीड वर्षापासून प्रतिमाला ऐकू कमी येत होतं. बारीक, किरटे आवाज तर तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. काकूंचा आवाज मात्र मळ्यात या टोकावरून त्या टोकाला हाका मारून कमावलेला होता.

प्रतिमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय सत्तेचाळीस. सकाळी वर्ग, दुपारी ऑनलाइन माहिती भरणं, मधूनच कुठला तरी सर्वे, घरी आलं की पोळ्या. थकवा तिच्या अंगात मुरलेला होता. वर्गात मागच्या बाकावरचं पोरगं काय बोललं ते कळलं नाही की ती नुसतीच मान हलवायची आणि दिवसभर मनात म्हणायची, कशाला हो म्हटलं मी आज, देव जाणे.

नवऱ्याला, म्हणजे मेहकरला कारकुनी करणाऱ्या वैजनाथला, सांगावं तर तो काळजीपोटी चार जणांना विचारत सुटणार. शाळेत कळलं तर 'बहिरी बाई' हे नाव निवृत्तीपर्यंत चिकटणार. म्हणून तिनं फक्त केसरकाकूंना सांगितलं होतं. "काकू, कोनाले बोलू नका बरं." काकू म्हणाल्या होत्या, "माह्या पोटात गेलं ते गेलं." बारा वर्षांचा शेजार होता. प्रतिमा निर्धास्त झाली.

आता त्या डब्याचं सांगतो. आरोही दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली म्हणून कबूल केल्याप्रमाणे वैजनाथनं लेकीला गेमचा कन्सोल आणून दिला. टीव्हीला जोडायचं काळं खोकं. घरातले सगळे त्याला डबाच म्हणायचे. जोडायच्या दिवशी त्या डब्यानं पडद्यावर आधी वय विचारलं. आरोही सोळाची.

"आई, माह्या नावानं काढलं तर पालकाची परवानगी मागते, लय झिगझिग हाय. तुह्याच मोबाइलच्या खात्यावर चालू करू का?"

प्रतिमापुढं सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा होता. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी सरकत होत्या. "काय लिहिलंय हे?"

"काही नाही ना आई, साऱ्यांले तेच असते. 'सहमत' दाब फक्त."

प्रतिमानं दाबलं. वीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलेली बाई, 'आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा!' आणि स्वतः मात्र एक ओळ न वाचता बोट टेकवून मोकळी झाली. तिला एकटीला काय बोल लावायचा? आपण तरी वाचतो का? मीही वाचत नाही आणि तुम्हीही वाचत नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, एका कोपऱ्यात बसून तिनं आपल्या मोबाइलवर शोधलं, 'कमी ऐकू येणे, उपाय.' मग शोधलं, 'कानाचं मशीन दिसणार नाही असं.' आजूबाजूला कोणी नाही हे तिनं दोनदा पाहून घेतलं होतं.

दिवाळीला नणंद आली, मंजुश्री, देऊळगाव राजाहून. चार दिवस तिची पोरं सकाळपासून डब्याला चिकटलेली. एका दुपारी मंजुश्री केसरकाकूंच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत तासभर बसली होती, एवढं प्रतिमानं पाहिलं होतं. पाहुणे परत गेले आणि आठ दिवसांनी मंजुश्रीचा फोन आला. प्रतिमाचा फोन आता कायम स्पीकरवरच असायचा.

"वहिनी, खामगावात कानाची तपासणी होऊन राह्यली म्हणे. जाऊन ये ना एकदा."

प्रतिमानं उठून आधी दार लोटलं. "तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कशाले पाह्यजे? कळते आम्हाले!" मंजुश्री हसली आणि पोरांवर ओरडत तिनं फोन ठेवला.

कळते आम्हाले! सगळ्या जगात एका माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाच्या ओट्यावर ही तासभर बसली होती. आता आणखी कोणता पुरावा हवा?

संध्याकाळी काकू नेहमीसारख्या कुंपणाशी आल्या. हातात मेथीची जुडी होती. प्रतिमानं ती घेतली नाही. "काकू, पोटात राहत नव्हतं तर आधीच सांगायचं होतं."

"काय नाही राह्यलं वं?"

"तुमचं तुमाले माहीत."

काकूंनी जुडी पदराखाली घेतली. आणि त्या मागं फिरल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि प्रतिमानंही सांगितलं नाही. तीन आठवडे असेच गेले. त्या तीन आठवड्यांत दोनदा वरण करपलं, एकदा तर कुकर काळाठिक्कर पडला. शाळेत दोन शिक्षिका हळू बोलताना दिसल्या की प्रतिमाला वाटायचं, आपल्यावरच चाललंय. काकूंनी एकीला सांगितलं तर दहा जणींना का नसेल सांगितलं? रात्री अंथरुणावर पडली की दिवसभर शिकवण्यापेक्षा या संशयानंच ती जास्त दमलेली असायची. एकदा संशय घरात शिरला की तो कोणालाच सोडत नाही हो.

घरात सासरे होते, भगवंतराव. चौतीस वर्षं डोणगावच्या आजूबाजूच्या खेड्यांत सायकलवरून टपाल वाटलेला माणूस. बोलणं मोजकं. त्यांनी एकदाच विचारलं, "केसरबाई दिसत नाही आताशा?"

"असन काही काम, मामाजी."

 मग एका रविवारी सकाळी त्यांना कीर्तन ऐकायचं होतं, म्हणून आरोहीनं डबा सुरू केला आणि ती कीर्तन शोधू लागली. भगवंतरावांनी पडद्याकडं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, "प्रतिमा! इकडं ये! जल्दी!"

पीठ माखलेल्या हातांनी प्रतिमा आली. टीव्हीच्या पडद्यावर, खेळांच्या चित्रांच्या वर, एक हसरी बाई कानामागं हात धरून उभी होती. खाली ठळक मराठीत लिहिलं होतं, 'चाळिशीनंतर ऐकू कमी येतंय? सांगायला संकोच वाटतो? खामगावात मोफत तपासणी.'

"हे... हे कोनं लावलं इथं?"

"कोनी नाही आई, जाहिरात हाय," आरोही म्हणाली. "महिन्याभरापासून येऊन राह्यली. मी तं पाहतच नाही. आत्यानं विचारलं होतं, हे कोनासाठी वं? मी म्हणलं, खातं आईच्या नावानं हाय, म्हून आईसाठीच्या जाहिराती येतात."

अरे देवा! म्हणजे काकू नव्हत्याच! काकूंनी एक शब्द काढला नव्हता! मोबाइलवर चोरून शोधलेलं या खोक्यानं उचललं होतं आणि बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांच्या देखत, भलंमोठं करून लावलं होतं. प्रतिमा पिठाच्या हातांनीच पडद्याजवळ गेली.

"पन मी तं मोबाइलवर पाह्यलं होतं. याले कसं कळलं?"

"दोन्हीकडं एकच खातं ना, आई. तू सहमत दाबलं होतं."

तिनं मोबाइल घेतला आणि त्या दिवशी न वाचलेलं आज वाचायला बसली. पानामागून पान. कितीतरी वेळानं ती ओळ सापडली. तुमच्या वापराची माहिती आम्ही आणि आमचे भागीदार तुमच्या आवडीच्या जाहिरातींसाठी वापरू शकतो, अशा अर्थाचं काहीतरी होतं. भागीदार कोण, किती, कुठले, याचा पत्ता नव्हता.

"कोनाले दोष देऊ मामाजी? बोट तं मीच दाबलं."

"दाबलं, ते तुहं चुकलं," भगवंतराव म्हणाले. "पन एवढी पानं बारीक अक्षरात लिहाची आन् थकल्या मानसाच्या हातून बोट दाबून घ्याचं, ही कोनती रीत झाली? मी चौतीस वर्षं टपाल वाटलं. पोस्टकार्ड उघडंच असते. वाटेत झाडाखाली बसून सारं वाचता आलं असतं मले. कोनाच्या घरात काय दुखते, कोनाचं कोनाशी बिनसलं, सारं माह्या थैलीत होतं. कितीक म्हाताऱ्याइले मीच वाचून दाखवत होतो. एका बाईचं कार्ड तं असं होतं का, वाचता वाचता माहा आवाज गेला. ती म्हणे, भाऊ, कोनाले सांगजो नको. मी तुह्या सासूलेई सांगतलं नाही. ती कार्डवाली गेली बिचारी, तरी नाही."

"काय होतं त्या कार्डात?" प्रतिमानं न राहवून विचारलं.

"नाही सांगनार," भगवंतराव म्हणाले. आणि खरंच सांगितलं नाही.

मग तेच म्हणाले, "जो पाकीट पोचवते त्यानं पाकिटातलं विकू नाही, पोरी. एवढं साधं हाय हे. सहमत दाबून घेतलं म्हून का ते धर्माचं झालं? आन् तुह्या कानाचं म्हणशीन, तं मले माहीत हाय. वर्ष झालं. म्हून तं मी तुले मागून हाक मारत नाही, समोर येऊन बोलतो. पन ते तुहं होतं. तू सांगशीन तवा ऐकू, म्हणलं."

प्रतिमाला रडू आलं. घरातला म्हातारा माणूस वर्षभर उठून, चालत, समोर येऊन बोलत होता आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

मायलेकींनी पाऊण तास खपून जाहिरातींना माहिती पुरवणारी त्या डब्यातली बटणं शोधली. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं अशी दडवून ठेवलेली आणि सगळी आधीपासून चालूच. बंद केली. आईचं खातं काढून आरोहीचं खातं रीतसर पालकाच्या परवानगीनं घातलं, आणि या वेळी प्रतिमानं सगळं वाचलं. ती जाहिरात गेली, तिच्या जागी कुठल्याशा तेलाची आली. डबा खरोखर गप्प झाला की नुसता गप्प दिसतोय, याची खात्री मात्र तिला वाटेना. अजूनही वाटत नाही.

पण खरं काम पुढंच होतं. ती कुंपणाला वळसा घालून काकूंच्या अंगणात गेली. सोमवारच्या बाजारासाठी भाजीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. काकूंजवळ गल्लीतल्या दोघीजणी बसल्या होत्या, सोजराबाई आणि महामाया. काकूंनी वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली.

"काकू, मी चुकली. मले वाटलं, माह्या कानाचं तुमीच..."

काकूंनी चटकन हात वर केला. "हळू बोल! बाया बसल्या हायेत ना इथं."

काय म्हणावं या बाईला! जिच्यावर तीन आठवडे आळ घेतला, ती अजूनही हिचीच गोष्ट झाकत होती. प्रतिमा आणखीच मोठ्यानं बोलली.

"ऐकू द्या काकू, साऱ्यांनीच ऐकू द्या. मले ऐकू कमी येते, सोजराबाई. दीड वर्ष झालं. हे फक्त काकूंले माहीत होतं. टीव्हीवरच्या डब्यानं महिनाभर कानाची जाहिरात दाखवून चहाडी केली आन् मी आळ काकूंवर घेतला."

महामायेच्या हातातली जुडी तशीच राहिली. सोजराबाईनं सरकून प्रतिमाला जागा करून दिली. काकूंनी पदरानं हात पुसले.

"महिनाभर तो डबा तुह्या घरात बोलून राह्यला," त्या सावकाश म्हणाल्या, "त्याच्यावर तुले शंका नाही आली. बारा वर्षं मी कुंपनापलीकडं हाय, माह्यावर आली."

प्रतिमानं खाली बसून एक जुडी बांधायला घेतली. काकूंच्या बोलण्याला उत्तर आपल्यापैकी कोणाकडं आहे? अनोळखी कंपनीला आपण न वाचता होकार देतो, घरात बसवतो, वर तिला वीज पुरवतो. आणि ज्यानं आपलं गुपित जपलं, त्याला खुलासा करायचीही संधी देत नाही. वाचकहो, आपली गोष्ट कोणाला सांगायची, हे ठरवायचा हक्क आपलाच आहे. तो एका बोटानं देऊन टाकू नका. कितीही थकला असाल तरी आधी वाचा, कळलं नाही तर विचारा, पटलं नाही तर नाही म्हणा. आणि कधी गोष्ट फुटलीच, तर माणसावर बोट दाखवण्याआधी ते बोट आपण कुठं कुठं टेकवलंय, ते आठवून पाहा.

दुसऱ्या दिवशी प्रतिमानं वर्गात पोरांना सांगितलं, "मला ऐकू कमी येतं. बोलायचं असेल तर समोर या आणि मोठ्यानं बोला." 'बहिरी बाई' कोणी म्हटलं नाही. मागच्या बाकावरचं ते पोरगं मात्र उठून टेबलाशी आलं आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालं, "बाई, मी दिवाळीच्या आधीपासून विचारून राह्यलो, हे गणित मले समजलंच नाही!"