प्रेमिलाबाईचा अंगठा

"शंभरातली चौऱ्याण्णव रोपं उभी आहेत, नागसेनजी," चाचणी तपासायला आलेल्या अरुंधती मॅडम बांधावरून म्हणाल्या. "पास झालं तुमचं यंत्र."

नागसेन गजभियेने रुमालाने तोंड पुसलं. घाम पुसला की आणखी काही, ते त्याचं त्यालाच ठाऊक. नागपुरातल्या शेती अवजारांच्या एका सरकारी वर्कशॉपमधला तो तंत्रज्ञ. अकरा वर्षं या यंत्रापायी गेली होती. ट्रेमधलं मिरचीचं रोप आपोआप उचलायचं, लोखंडी चोचीतून जमिनीत सोडायचं आणि मागच्या दोन चाकांनी माती दाबायची. ऐकायला एवढंच, पण लग्नाच्या पंगतीतही हा माणूस पत्रावळीवर बोटाने चोचच काढत बसायचा. आज पारशिवनीतली ही शेवटची चाचणी जमली तर यंत्र कारखान्यात जाणार होतं, नाही तर शेडमध्ये. नागसेनच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते.

शेजारची ओळ मजूर बायांची मुकादमीण प्रेमिलाबाई आणि तिच्या बायांनी तुलनेसाठी हाताने लावली होती. सकाळीच तिने नागसेनला टोकलं होतं, "आमच्या पोटावर पाय देऊन राहिले तुमी, भाऊ."

"कंबर वाचंल ना तुयी."

"वाचवून काय करू गा, नाचू?"

आता ती यंत्राच्या ओळीतून चालत होती आणि वाकून एकेका रोपाचं पान चिमटीत धरून ओढत होती. लावणी संपली की मुकादमीण म्हणून ती हे करतेच. पान तुटलं आणि रोप जागेवर राहिलं, तर लावणी पक्की. रोपच हातात आलं, तर ती ओळ लावणाऱ्या बाईने सगळी पुन्हा लावायची.

तिसरं रोप प्रेमिलाबाईच्या हातात आलं. मग पाचवं. तिने मॅडमकडे पाठ केली, रोप गुपचूप जागी ठेवून दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली आणि पुढे सरकली.

नागसेनने ते पाहिलं. तो तिच्याजवळ गेला.

"काहून लपवून राहिली वं?"

"नोकरीचे नऊच दिस राह्यले म्हनते तुमचे. पास झालं ना, राहू द्या."

त्याने स्वतः एक पान ओढलं. लोण्यातून केस निघावा तसं रोप मुळासकट वर आलं. खड्ड्यात नुसती ढेकळं होती, आणि मधे पोकळी. तेव्हा त्याला कळलं. वर्कशॉपमधल्या चाचणीच्या पेटीत माती नेहमी चाळून भरली जायची. चाळलेली माती आपणहून मुळांना बिलगते, चाकांना काही करावंच लागत नाही. अकरा वर्षांत ती चाळणी बाजूला ठेवायचं कोणालाच सुचलं नाही, आणि चाळत होता तो स्वतः.

त्याने चाकांवर दगड बांधून पाहिला. रोप घट्ट बसलं, पण खोड चेपलं. चाकंच नवी करावी लागणार होती, म्हणजे दोन-तीन महिने.

"मॅडम, ते पास खोडून टाका."

"नियमात पान ओढायचं कुठेच नाहीये, नागसेनजी. उभं आहे की नाही, तेवढंच मोजायचं."

"आठ दिवसांनी मोजाल त उभं नाही राहनार."

मॅडमनी तपासणीचा कागद पुढे ओढला. "मग हे तुमच्या हातून पुरं होणार नाही."

"नाही होनार," तो म्हणाला. मॅडमनी 'पास' खोडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मग त्याने शेतातल्या खोपटातून मिरची मोजायचा वजनकाटा आणला, त्यावर ढेकळांनी भरलेला ट्रे ठेवला, काटा शून्यावर आणला आणि प्रेमिलाबाईला हाक मारली.

"एक रोप लाव यात. रोज लावते तसंच."

"आजवर कागदावर अंगठा मांगत होते," ती हसली. "आज वजन करून राहिले का?"

तिने रोप ठेवलं आणि दाबलं. काटा तीन किलोवर थांबला. नागसेनने खडूने यंत्राच्या चाकावर लिहिलं : 'प्रेमिलाबाईचा अंगठा, तीन किलो.' पुढे जो कोणी हे काम हाती घेईल, त्याच्यासाठी.

यंत्र टेम्पोत चढलं. ड्रायव्हरशेजारी बसून नागसेनने तो ट्रे मांडीवर घेतला होता. रोपाच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांच्या दोन खळ्या होत्या. गचके खात नागपूर आलं. शेडपाशी उतरल्यावर त्याने एक पान चिमटीत धरून ओढलं.

पान तुटलं. त्याने ते खिशात ठेवलं आणि शेडचं कुलूप काढलं.