हेल्मेट टांगलेल्या फाटकासमोरून

आमच्या गल्लीत भरदिवसा रात्र असते. सगळ्यांची नव्हे, ज्याची नाईट शिफ्ट असेल त्याची. सकाळी स्टील प्लांटवरून आलेला माणूस आंघोळ करतो, दोन पोळ्या खातो, आणि आपलं पिवळं हेल्मेट फाटकाच्या खिळ्याला उलटं टांगून झोपतो. हेल्मेट दिसलं की बाकीच्यांनी समजून घ्यायचं. मग ठकूबाई भाजीवाली "मेथी घ्या" हे कानात सांगितल्यासारखं सांगते. गिरजाबाईंचा कुकर शिट्टी द्यायच्या आधी दोनदा विचार करतो. कुत्री तर तोंड मिटून भुंकतात. बाहेरचं कुत्रं आलं की त्याला आधी तसं भुंकायला शिकवतात आणि मग हाकलतात.

अशा गल्लीत माझ्या भाचीनं, स्वानंदीनं, गाड्यांचं शेड टाकलं.

स्वानंदी पॉलिटेक्निक झालेली. तीन वर्षं रायपूरच्या एका वर्कशॉपात होती. पण तिथं तिला गाडीखाली जाऊच देत नसत. काउंटरवर बसवून पावत्या फाडायला लावत. एक दिवस ती पावत्यांचं पुस्तक मालकाच्या टेबलावर ठेवून आली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या क्वार्टरच्या मागे दहा बाय पंधराची जागा आहे. मले देता काय?" मी दिली. पत्रे आले, खांब आले. पहिल्या दिवशी एका जुन्या जीपखाली पाठीवर पडून ती दोन तास काम करत होती, आणि बाहेर आली तेव्हा तोंडभर काळं ग्रीस आणि त्यातून दिसणारे पांढरे दात. एवढं हसताना मी तिला तिच्या लहानपणीही पाहिलं नव्हतं.

शेजारी माणिक. माणिक प्लांटच्या ब्लोअरवर. भट्टीला वारा पुरवायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम. मी होतो भट्टीच्या स्टोव्हवर. स्टोव्ह म्हणजे चहा करायचा नव्हे; दहा मजली उंच लोखंडी घुमट, त्यात वारा तापवायचा. माणिकनं वारा पाठवायचा, मी तो हजार डिग्री तापवून भट्टीत सोडायचा. मी निवृत्त झालो, त्याचं एक वर्ष उरलंय. अजूनही भेटलो की तो म्हणतो, "तुम्ही काय केलं माधवभाऊ, माझीच हवा गरम केली."

तर एका मंगळवारी सकाळी पद्मनाभपूरचा दाताचा डॉक्टर सिद्धांत आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. दोन सीटची, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. आमचा बोका तिच्यावरून ओलांडून जायचा, उडी न मारता.

"दिखने में चीता है," डॉक्टर म्हणाला, "पण ओव्हरब्रिज चढताना दम लागतो हिला. आवाजासाठी एकानं मागून हा पाइप लावून दिला. आवाज वाढला, जोर नाही वाढला. तुम्हाला जमेल?"

स्वानंदीनं वाकून पाहिलं. "श्वास घ्यायची नळी बारीक आहे, सोडायची नळी नुसती उघडी आहे. जमेल. रविवारी दुपारी या."

डॉक्टर रिक्षानं गेला. स्वानंदीनं पाहावं म्हणून चावी फिरवली.

बाप्पा! शेडचे पत्रे टाळ्या वाजवायला लागले. गिरजाबाईंच्या दोरीवरचे कपडे आपोआप वाळले. आणि शेजारचं फाटक उघडून बनियनवर माणिक उभा, डोळे लाल, हातात हेल्मेट.

"स्वानंदी, हे काय आहे?" त्यानं हेल्मेट पुढे धरलं.

"काका, सॉरी. एकच मिनिट लावली होती."

"मी रात्रभर ब्लोअरसमोर उभा होतो न वो. झोप नाही झाली अन् मीटर पाहताना डोळा लागला, तर भट्टीचं काय होते, तुझ्या मामाले विचार." माणिक ओरडत नाही, तो सावकाश बोलतो, म्हणून जास्त लागतं. "ऐक. रविवारी मी नाईट करून येतो. दुपारी झोपेन. ही गाडी माझ्या फाटकासमोरून जाऊ दे. मी उठलो नाही, तर तुझं शेड राहील, मी स्वतः सगळ्या गल्लीले सांगीन. मी उठलो, तर सोमवारी शेड उचलजो अन् जामुलले नेजो. तिथं सिमेंटच्या ट्रकांत कोणाले ऐकू येत नाही."

"चालेल काका," स्वानंदी म्हणाली. आत येऊन मात्र ती स्टूलावर बसली आणि कितीतरी वेळ हातातला पाना पुसत राहिली. पाना स्वच्छच होता.

जामुलला भाड्यानं जागा घेऊन काम करण्याइतकी तिची गिऱ्हाइकं अजून नव्हती. शेड गेलं म्हणजे पुन्हा काउंटर, हे मलाही कळत होतं. म्हणून बुधवारी ती पाइप आणि फिल्टर आणायला रायपूरला गेली, तेव्हा मी मदत करायचं ठरवलं.

आता तीस वर्षं मी जे केलं तेच मला येतं. वारा गरम असला की भट्टी खूश. गार वारा भट्टीत गेला तर आमच्या फोरमनचं तोंड कडू व्हायचं. मग इंजिन म्हणजे काय? लहान भट्टीच. मी पत्र्याची एक नळी केली, इंजिनच्या सगळ्यात तापलेल्या लोखंडाला तीन वेढे दिले, आणि तिचं तोंड हवेच्या वाटेला जोडलं. वर दोन तारांनी आवळलं. स्टोव्हवाल्याचं काम, देखणं झालं होतं.

गुरुवारी स्वानंदी मला शेजारी बसवून गाडी उतईच्या रस्त्याला घेऊन गेली. चौथ्या मिनिटाला आम्हाला एका लुनानं मागे टाकलं. लुनावर तांदळाचे दोन कट्टे आणि मागे एक आजी. आजीनं वळून आमच्याकडे दयेनं पाहिलं. पुढे एक म्हैस आमच्या बरोबरीनं चालली; थोड्या वेळानं तिला कंटाळा आला, मग तीही पुढे गेली.

स्वानंदीनं गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं. माझी नळी तापून निळी पडली होती.

"मामा, ये क्या कर दिया?"

"हॉट ब्लास्ट," मी म्हणालो. "हजार नाही, पण दोनशे तरी..."

"अहो मामा! भट्टीला तुम्ही पाहिजे तितका वारा कोंबता. मागे माणिककाकांचा एवढा मोठा ब्लोअर आहे. इंजिनच्या मागे कोण आहे? कोणीच नाही. त्याला एका दमात जेवढं मावेल तेवढंच मिळतं. गरम हवा फुगलेली असते, विरळ. तुम्ही त्याले कुरमुरे खाऊ घालून राहिले. त्याले भात पाहिजे."

मी बोनेट खाली केलं. पण घरी येऊन माणिकला सांगितलं की मी मुद्दामच केलं होतं, पोरीची परीक्षा घेतली. तो म्हणाला, "अजी माधवभाऊ, तीस वर्षं तुम्ही माझी हवा फुगवली, आता त्या पोरीचीही?"

शुक्रवारी तिनं माझी नळी काढली आणि मला भिंतीवर टांगायला दिली. गाडीच्या पुढच्या बंपरखाली, जिथे गार वारा समोरून येतो, तिथून एक गुळगुळीत रुंद नळी काढली. कुठे वाकडी नाही, कुठे चिमटा नाही. मोठा फिल्टर घातला आणि त्याला स्वतःची पेटी केली, इंजिनची धग लागू नये म्हणून. हे झाल्यावर ती गाडी कशी श्वास घ्यायला लागली, ते मी जास्त फुगवून सांगत नाही. उभ्या-उभ्या ठकूबाईच्या टोपलीतल्या चार मेथीच्या जुड्या ओढल्या गेल्या. एक कावळा समोरून उडत चालला होता, तो उलटा आला. आम्ही तिला जामुलकडे एक चक्कर मारून आणली, सिमेंटच्या ट्रकामागून, आणि घरी येऊन फिल्टर झटकला. जे निघालं त्यात पाणी कालवून मी न्हाणीघराचा उंबरा केला. तो अजून हललेला नाही.

राहिला आवाज.

स्वानंदीनं तो नुसता उघडा पाइप काढला. घेतलेला श्वास सोडताही आला पाहिजे, म्हणून नव्या सायलेन्सरच्या पोटात वाटेत भिंती ठेवल्या नाहीत. सरळ जाळीची नळी आणि भोवती आवाज पिणारी लोकर. जोर तर आला, पण एक घूं राहिली. तिनं बाजूला एक बंद तोंडाची नळी जोडली. "मामा, आवाज या गल्लीत शिरते, शेवटी भिंत लागते, परत येते, अन् येणाऱ्या आवाजाले मारते. बरोबर लांबीची पाहिजे फक्त." ती कापत गेली, जोडत गेली, ऐकत गेली. शनिवारी दुपारी बारा वाजता गाडी चालू होती आणि ऐकू येत नव्हती. मी पाइपाजवळ कान नेला. काही नाही. बोकासुद्धा बोनेटवर झोपला होता.

"आज रंगीत तालीम," ती म्हणाली. माणिकच्या फाटकावर हेल्मेट होतं. तिनं गाडी अलगद बाहेर काढली आणि फाटकासमोर आणून थांबवली. मी श्वास धरला.

पाच सेकंद गेले. आणि माणिक धाडकन बाहेर आला. एका पायात चप्पल.

"ब्लोअर ट्रिप झाला! माधवभाऊ, ब्लोअर बंद पडला!"

समोरच्या क्वार्टरमधून दोघे निवृत्त धावत आले. पलीकडून तिसरा आला, तोंडावर साबणाचा फेस. सगळे प्लांटच्या दिशेनं कान लावून उभे. आणि खरंच, गल्लीत एवढी शांतता होती की गिरजाबाईंच्या घरातली पाल चुकचुकली ती चार घरांपर्यंत ऐकू आली. चाळीस वर्षं रात्रंदिवस आमच्या डोक्यावर असलेली ती प्लांटची बारीक घरघर गायब होती.

स्वानंदीनं घाबरून गाडी बंद केली.

घरघर परत आली.

"पुन्हा लाव," माणिक म्हणाला.

तिनं लावली. घरघर गेली. बंद केली, आली. तीनदा केलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिच्या गाडीचा उरलासुरला सूर नेमका ब्लोअरचाच होता, पण उलट्या पावलाचा. त्यानं आपल्याबरोबर प्लांटलाही गप्प केलं होतं. आणि प्लांटच्या माणसाला आवाजानं जाग येत नाही हो. आवाज थांबला की येते.

फेसवाला माणूस घरी गेला. माणिक हेल्मेट खिळ्यावरून काढून उभा राहिला. स्वानंदीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती सरळ म्हणाली, "काका, तुम्ही उठले. मी सोमवारी शेड काढते."

"रविवार म्हटलं होतं मी. आज शनिवार आहे." माणिक वाकला, त्यानं मागच्या पाइपाच्या तोंडावर तळहात धरला, डोळे मिटले. मी त्याला ब्लोअरच्या कवचावर असाच हात ठेवताना पाहिलं आहे. मीटर पाहायच्या आधी तो हातानं पाहतो. बराच वेळ गेला. मग त्यानं बंद नळीवर बोटं ठेवून मापलं. "ही चार बोटं लांब कर. मग ती त्याच्या विरोधात नाही, त्याच्याबरोबर चालते." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्या मामाले हात लावू देऊ नको."

रविवारी सकाळी माणिक नाईट करून आला, जेवला, हेल्मेट टांगलं. त्याची बायको सिंधुताई आणि मी त्यांच्या व्हरांड्यात बसलो. आत माणिक घोरत होता. मी घोरणं मोजत होतो, तिनं एक बोट वर धरलं होतं, कशासाठी ते तिलाच ठाऊक. दोन वाजता डॉक्टर आला. स्वानंदीनं चावी त्याच्या हातात दिली आणि शेडच्या खांबाला धरून उभी राहिली.

गाडी निघाली. फाटकासमोर आली. एक घोरणं. दुसरं. गाडी आणि प्लांट एका सुरात घरघरत होते, कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. तिसरं घोरणं त्या सुरात येऊन बसलं, आधीपेक्षा खोल. सिंधुताईनं बोट खाली घेतलं. शेजारची कुत्री झोपली. खरं सांगतो, माझाही डोळा लागला.

डॉक्टर उतईपर्यंत जाऊन आला. त्याचे केस मागे वळले होते, ते अजून तसेच आहेत. "मॅडम, ओव्हरब्रिज कधी आला ते कळलंच नाही," तो म्हणाला. "माझ्या मित्राकडेही अशीच एक आहे."

माणिक पाचला उठला. चहा घेऊन शेडमध्ये आला आणि विचारलं, "कावून, गाडी नाही आली आज?"

 स्वानंदीनं फक्त रस्त्यावरच्या टायरच्या खुणा दाखवल्या.

माणिकनं चहा संपवला. कप ठेवून उगाच पत्र्याकडे पाहत म्हणाला, "पुढच्या वर्षी रिटायर होतो. उतईले घर बांधून राहिलो. तिथं प्लांट ऐकू येत नाही वो. झोपेचं काय होईल, समजत नाही." मग खालच्या आवाजात, "माझ्या मोपेडले असा एक सायलेन्सर बसवशील? दुपारी अंगणात चालू ठेवता येईल."

"बसवते न काका," ती म्हणाली. "बंद नळीचं माप तुम्हीच सांगा."

शेड तिथेच आहे. माझी पत्र्याची नळी त्याच्या भिंतीवर टांगली आहे. तिच्यात आता चिमण्या राहतात, गरम जागा त्यांना आवडते. न्हाणीघराचा उंबराही पाहायचा असेल तर खुशाल या. फक्त येताना आधी फाटकाकडे बघा.